उभ्या गाडीचं वजन

आनंदा शिगवणने चौतीस वर्षं बेस्टची बस चालवली, आणि त्याच्या बायकोला बस लागायची. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की लोक तिच्यावर हसायचेही कंटाळले होते.

जाईबाई बसमध्ये चढली की ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकी धरायची. तोंडावर पदर, मुठीत अर्धं लिंबू. गाडी नवऱ्याची असली तर समोर त्याची मान दिसायची, खाकी कॉलरच्या वर घामाने चमकणारी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आपण ह्या माणसाचा चेहरा कमी आणि मान जास्त बघितली, असं ती म्हणायची. भायखळ्याचा पूल आला की तिचा रंग उडायचा. आनंदाला ते आरशात दिसायचं, तो गाडी हळू घ्यायचा, आणि मागून कंडक्टर माधव विचारायचा की शिगवण, वरात काढलीय काय.

माधव त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचा, अजूनही राहतो. त्याने घंटीची दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. सिग्नल सोडले तर आनंदाने स्वतःच्या मनाने गाडी कधी थांब्यावरून हलवली नाही. मागे चाळीसपन्नास माणसं, त्यांचे हातपाय, पिशव्या, पोरं. आपल्याला त्यातलं काही दिसत नाही, मागच्याला दिसतं. तो सांगेल तेव्हा निघायचं. हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की रविवारी घरी जेवण झाल्यावरही तो ताटावर तसाच बसून राहायचा. जाईबाई म्हणायची, उठा आता, की घंटी वाजवू?

तो निवृत्त झाला, आणि ज्यासाठी निवृत्त व्हायचं तेच राहून गेलं. गावी जायचं. खेडच्या अलीकडे आत वळलं की त्यांचं घर. पण शेवटच्या खेपेला कशेडी घाटात जाईबाईने वळणावळणाला गाडी थांबवायला लावली होती. घाट उतरल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यापुढे मला नेऊ नका. मेल्यावर राख न्या, ती ओकत नाही."

त्यानंतर चार गणपती आनंदा एकटा जाऊन आला. स्वप्नीलने, त्यांच्या मुलाने, एसी गाडी करून बघितली. तिचा वास जाईबाईला दार उघडतानाच लागला. रेल्वेत तेच. डॉक्टरच्या गोळीने पोटातलं थांबायचं, पण मग ती दोन दिवस भिंतीशी बोलायची. त्या गोळीवर ती सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात बसल्या बसल्या झोपली होती आणि फोटोत अजून झोपलेली आहे.

आता मात्र जाणं भाग होतं. स्वप्नीलचं लग्न झालं होतं, आणि गावाकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा पूर्वा नक्षत्रातल्या गौरीलाच होतो. पूर्वा नसली तर सुनेने थांबायचं, वर्ष, दोन वर्षं, नक्षत्र जुळेपर्यंत. माहेरून पाच सुपं येतात. सासूने ती हळदीने रंगवायची, सूत गुंडाळायचं, फळंपानं मांडायची, आणि मग सून ती गौरीपुढे धरते. जाईबाईचा स्वतःचा ओवसा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी लागला होता. उंबऱ्यात पिवळ्या हातांनी वाट बघत बसलेली सासू तिला अजून दिसायची. ह्या वर्षी पूर्वा होती. सुनेच्या, अपेक्षाच्या, आईने परळहून सुपं पाठवलीसुद्धा होती, आणि ती माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती. जाईबाई रोज एकदा मान वर करून तिकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

ते न बोलणं आनंदाला पाठीमागच्या रिकाम्या बससारखं वाटायचं. गाडी चालू आहे, आणि आत कोणी नाही.

अशात त्याला हिंदमाताच्या सिग्नलला ती स्कूटर दिसली. दोन रेड्यांएवढी रुंद छाती, पुढे उंच काच, मागे पेटी. चालवणारा कुणी तरुण होता; पण आनंदाने बघितलं ते मागच्या बाईकडे. ती टेकून बसली होती, उघड्यावर, वाऱ्यात, आणि पेरू खात होती. सिग्नल सुटेपर्यंत तिने अर्धा पेरू संपवला. आनंदा फुटपाथवर उभा राहून त्या पेरूकडे बघत राहिला. चालत्या गाडीवर खाणारी बाई.

दुसऱ्याच दिवशी त्याने शोरूममधून माहितीपत्रक आणलं. त्यानंतर कित्येक आठवडे ते त्याच्या उशाशी होतं. तीनशेच्या वर सीसीचं इंजिन, पाण्याने थंड होणारं. तेरा लिटरची टाकी. पुढेमागे डिस्क ब्रेक, चाक लॉक होऊ न देणारे. वरखाली होणारी काच. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दीड मीटरच्या थोडं वर. आनंदा ते आकडे ओठ हलवत वाचायचा, आणि प्रत्येक आकडा बसशी लावून बघायचा. दीड मीटर म्हणजे आपल्या केबिनचा दरवाजा आणि वर वीतभर. इंजिन म्हणजे बसच्या इंजिनाचं नातवंड. गाडीचं वजन एकशे शहाऐंशी किलो, ह्या आकड्यावर तो हसला. बसच्या दोन चाकांएवढं. सीटची उंची सातशे पंचाहत्तर मिलिमीटर, ही ओळ त्याने वाचलीही नाही. ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसायचं असतं. पाय जमिनीला लागतात का, हा प्रश्न त्याला चौतीस वर्षांत पडला नव्हता.

रात्री जेवताना तो जाईबाईला वाचून दाखवायचा. ती त्याचं आपल्या परीने भाषांतर करायची. तेरा लिटर म्हणजे एक हंडा नि वर तांब्या. काच वरखाली होते म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हला लावायचो तसा आडोसा. सीटखाली चाळीस लिटरची जागा आहे, असं त्याने सांगितलं तेव्हा ती भाकरी मोडायची थांबली.

"त्यात सूप मावेल?" तिने विचारलं.

ती येणार असं तिने म्हटलं नव्हतं. पण तिने सूप म्हटलं होतं, आणि आनंदाला तेवढं पुरलं.

सुपाबद्दल माहितीपत्रकात काही नव्हतं. तो माळ्यावरचं एक सूप काखेत घेऊन शोरूमला गेला. श्रेया नावाची मुलगी होती तिथे. तिने सांगितलं की सीटखाली दोन हेल्मेट बसतात, आणि मग सूप बघून तिने सीट उघडली, कारण तिच्याही घरी गौर यायची. दोघांनी ते सूप आडवं घालून बघितलं, तिरकं घालून बघितलं, उलटं करून बघितलं. सीट बंद होईना. मागच्या पेटीतही तीच गत. शेवटी श्रेया म्हणाली की काका, हेल्मेटचं विचारतात सगळे, लॅपटॉपचं विचारतात, हे आम्हाला कंपनीने शिकवलंच नाही. आनंदा पडेल चेहऱ्याने घरी आला. जाईबाईने सूप त्याच्या हातातून घेतलं, त्याची कड कुठे मोडली नाही ना बघितलं, आणि म्हणाली की नाही मावलं तर नाही मावलं, मी पाठीला बांधीन.

किमतीचा विषय स्वप्नीलने एकदाच काढला. आनंदाने तो ऐकून घेतला आणि तिथेच ठेवला.

स्कूटर आली तेव्हा चाळीच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाजूच्या टॉवरची सावली दुपारी त्या अंगणात उतरायची आणि संध्याकाळी कुणाला न सांगता निघून जायची. त्या दिवशी ती स्कूटरवर येऊन बसली आणि पांढऱ्या रंगाची गाडी करडी दिसू लागली. बायकांनी हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. माधवने गाडीभोवती एक फेरी मारून कंडक्टर कुठे उभा राहणार विचारलं.

आनंदा दुचाकी शिकला ती अशी साठीला टेकल्यावर. रविवारी सकाळी स्वप्नील त्याला दारूखान्याकडच्या मोकळ्या रस्त्यांवर न्यायचा. तोल त्याला लवकर आला. वळण मात्र आलं नाही. डावीकडे वळायचं असलं की तो आधी गाडी उजवीकडे काढायचा, मागचं धूड कोपऱ्याला घासू नये म्हणून. मागे धूड नव्हतं. मागे स्वप्नील होता, आणि त्याच्यामागे शिव्या देणारा टेम्पो. तरी हळूहळू जमलं. स्वप्नील सारखा बोलायचा. चला पप्पा, थांबा पप्पा, आता सोडा. तो दोन्हीकडे पाय टाकून बसायचा आणि गाडी थांबली की स्वतःचे पायही खाली टेकवायचा. त्यामुळे एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

ती लक्षात आली जाईबाई पहिल्यांदा बसली तेव्हा.

संध्याकाळ होती. गॅलऱ्यांतून सगळी चाळ वाकलेली. जाईबाई पाचवारी नेसून, डोक्यात हेल्मेट घालून खाली आली. हेल्मेटमुळे तिचा चेहरा लहान मुलीसारखा दाबला गेला होता. ती आयुष्यात एकदोनदा भावाच्या स्कूटरवर बसली होती तशीच बसली, एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे. मागची टेकायची गादी तिच्या पाठीला न लागता दंडाला लागली. माहितीपत्रकातल्या चित्रात मागची बाई पँट घालून होती; आठवडेच्या आठवडे ते चित्र उशाशी असून आनंदाला त्यातली पँट दिसली नव्हती.

त्याने गाडी सुरू केली. स्टँड काढला. आणि तो थांबला.

जाईबाई थांबली. चाळ थांबली. इंजिन धिम्या आवाजात चालत राहिलं. आनंदा सरळ समोर बघत होता, पाठ ताठ, हात मुठींवर, आणि मागून काहीतरी येईल म्हणून वाट बघत होता. जाईबाई त्याच्या मानेकडे बघत तो निघेल म्हणून वाट बघत होती. त्याच्या पायांची फक्त बोटं जमिनीला टेकली होती. एकशे शहाऐंशी किलो, आणि जाईबाई, आणि सगळा भार डावीकडे. गाडी पडली असं म्हणता येणार नाही. ती झोपली. म्हैस चिखलात बसते तशी, सावकाश, विचार करून. आनंदाने डाव्या पायाने धरायचा प्रयत्न केला, पण एकदा कललेलं वजन बोटांचं ऐकत नाही.

जाईबाई माधवने अंगणात पसरून वाळत घातलेल्या गोधड्यांवर पडली. तिला खरचटलं, कोपर सुजलं. एवढंच झालं. ती उठली, हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं आणि घरात गेली. गॅलरीतून कुणी हसलं नाही, आणि आनंदाला तेच जास्त लागलं.

पुढचे दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. जाईबाईने माळ्याकडे बघणं सोडलं. स्वप्नील म्हणाला की आई गोळी घेऊन गाडीने जाईल, नाहीतर अपेक्षाचा ओवसा गावातली कुणी काकी करून घेईल. अपेक्षा हे ऐकत भाजी निवडत होती. ती म्हणाली की थांबलं तरी चालेल, पुढे येईलच की पूर्वा. जाईबाईने तिच्याकडे बघितलं. ह्या पोरीने आपल्यासाठी थांबायची तयारी दाखवली, आणि आपण थांबवून ठेवणारी सासू झालो.

आनंदा अंगणात स्कूटरजवळ बसून असायचा. ती त्याच्यापेक्षा धडधाकट होती. तिला साधा ओरखडा होता. बस कधी पडत नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. बस उभी केली की आपली आपण उभी राहते, तिच्या उभं राहण्यात ड्रायव्हरचा काही वाटा नसतो. ही गाडी धावताना पिसासारखी, आणि थांबली की सगळं वजन आपल्यावर. धावण्याचे सगळे आकडे त्याने पाठ केले होते. उभं राहण्याचे दोनच होते, एकाला तो हसला आणि दुसरा त्याने वाचला नाही.

जाईबाई चहा घेऊन खाली आली. ती कप देऊन पायरीवर बसली, सुजलेलं कोपर मांडीवर ठेवून.

"एक सांगा," ती म्हणाली. "मी बसले. तुम्ही निघाला का नाही?"

आनंदाने चहा ढवळला, साखर केव्हाच विरघळली होती तरी.

"बेलची वाट बघत होतो," तो म्हणाला.

वरच्या गॅलरीत माधव कान देऊन उभा होता, त्यालाही हसू आलं नाही.

"मग मला सांगायचं ना," जाईबाई म्हणाली.

"मला तरी कुठे माहीत होतं."

तिने रिकामा कप घेतला. जाता जाता ती स्कूटरपाशी थांबली, मागच्या सीटवर हात फिरवला, दोन्ही बाजूंच्या पाय ठेवायच्या खोबणी बघितल्या, आणि म्हणाली की ह्या गाडीवर भात लावायला पाय फाकून उभं राहतात तसं बसायचं आहे, पाचवारीत नाही जमायचं.

त्यानंतर काम चालू झालं. आनंदाने ड्युटीचे जुने काळे बूट बाहेर काढले आणि लालबागला पुलाखाली बसणाऱ्या चांभाराकडे नेले. त्याला सांगितलं की ह्यांना टायरचा जाड तळ हवा, दोन थरांचा. चांभाराने विचारलं की काका, उंची वाढवून लग्न करायचंय का. आनंदाने सांगितलं की झालेलंच टिकवायचंय. बूट घालून तो सीटवर बसला तेव्हा पाय अख्खे टेकले. त्याने गाडी थोडी डावीकडे कलती केली, थोडी उजवीकडे, आणि धरून ठेवली.

जाईबाईने आईची नऊवारी काढली. गिरगावात पाडव्याला नऊवारी नेसून, गॉगल लावून बुलेट चालवणाऱ्या पोरींना ती दरवर्षी टीव्हीसमोर बसून नावं ठेवायची. अपेक्षाने त्याची आठवण करून दिली. जाईबाई म्हणाली की त्या मिरवायला नेसतात, मी बसायला नेसतेय. तिने कासोटा असा घट्ट मारला की अपेक्षा बघत राहिली. तो तिच्या आईचा कासोटा होता, गुडघाभर पाण्यात दिवसभर न सुटणारा.

स्वप्नील आणि अपेक्षा गौरीच्या आदल्या दिवशी येणार होते. सुपं रंगवायची, सूत गुंडाळायचं, म्हणून ही दोघं आधी निघाली. पहाटे पाऊस थांबून नुसता ओलावा होता. जाईबाई चाळीच्या दुसऱ्या पायरीवरून पाय टाकून गाडीवर बसली, दोन्हीकडे पाय, कंबर गादीला. पाचही सुपं एकात एक घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अपेक्षाने तिच्या पाठीला ओढणीने बांधली. कासवासारखी दिसत होती ती. मुठीत सवयीने अर्धं लिंबू होतं.

आनंदाने स्टँड काढला. दोन्ही बूट जमिनीवर सपाट. मागचं वजन त्याला कळत होतं, आरशात न बघता, मांड्यांमधून, पोटऱ्यांमधून. चौतीस वर्षं त्याने माणसं वाहिली, पण वजन असं कुणाचं लागलं नव्हतं. तो वाट बघत उभा राहिला. गाडी हलली नाही.

मग जाईबाईने बोटांच्या पेरांनी त्याच्या हेल्मेटवर दोनदा ठोकलं.

वरून माधव म्हणाला, "आता कसं." आणि गाडी अंगणाबाहेर पडली, डावीकडे वळण्याआधी थोडी उजवीकडे जाऊन.

पनवेल मागे गेलं, वडखळ गेलं. आनंदा दर थोड्या वेळाने आरशात बघत होता. आरशात हेल्मेट होतं, हेल्मेटच्या मागे सुपांची कड होती, तिच्या चेहऱ्याचा रंग कळत नव्हता. कशेडीला बोगदा झालाय. पण बोगद्याचा फाटा दिसला तेव्हा तिने पुढे वाकून सांगितलं की जुन्या घाटाने घ्या. त्याने घेतलं. पहिलं वळण, दुसरं वळण. दरीतून वर येणारं धुकं काचेवरून दुभंगून दोन्ही बाजूंनी जात होतं. बसमध्ये वळण यायचं ते अंगावर यायचं. इथे गाडी वळणात आपली कुशी बदलत होती, आणि तिच्याबरोबर तो, आणि त्याच्याबरोबर मागचं वजन.

घाटाच्या मध्यावर हेल्मेटवर एकदा ठोकलं गेलं.

एकदा म्हणजे थांबायचं. त्याने गाडी कडेला घेतली, दोन्ही बूट रोवले आणि मागे न बघता शर्टाच्या खिशातलं दुसरं लिंबू काढून खांद्यावरून मागे धरलं. ते कुणी घेतलं नाही.

"ते वड्यांचं दुकान इथेच होतं ना," जाईबाई म्हणाली. "लोक उतरून खायचे आणि मी तिकडे दगडावर बसायचे. कसे असतात हो त्याचे वडे?"

दुकान समोरच होतं. आनंदाने दुकानदाराला हात करून दोन प्लेट मागवल्या. ती उतरली नाही. सुपं सोडा, बांधा, कशाला. बसल्या बसल्या खाते म्हणाली. मग रस्त्याच्या कडेला, उतारावर, ती मागे सावकाश वडा खात राहिली आणि तो पुढे, वड्याला हात न लावता, गाडी धरून उभा राहिला. गाडी जड होती. घाटातला वारा एका बाजूने सुपांवर दाबत होता आणि त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

मागून बोटांना लागलेल्या चटणीचा वास आला. तिने त्याच्या खांद्यावरून अर्धा वडा पुढे केला, तोंडाशी, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. त्याने तो खाल्ला. तिने हात पदराला पुसला, सुपांची गाठ चाचपली.

आणि मग दोनदा ठोकलं.